इंजिन करावे की गाडी द्यावी?

खोपोली मागे टाकून बोरघाटाला लागलेल्या मोटारीला थोड्याच मैलांत पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. 1830 साली हा घाट गाडीरस्त्याला खुला झाला आणि 1863 साली त्यातून रेल्वे चढली. त्या लोहमार्गाची चढण सदतिसास एक इतकी तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. मोटारीला असा पाठीराखा नसतो. म्हणून कूलंटची गळती, थकलेला पंप, चोंदलेला रेडिएटर हे जे दोष सपाटीवर महिनोन्महिने झाकून राहतात, ते या चढणीवर एका दुपारी उघडे पडतात, आणि टोचन करून गॅरेजात आणलेल्या गाडीपुढे उभ्या राहिलेल्या मालकाला तत्काळ निर्णय मागितला जातो.

तो निर्णय इंजिन उघडून पाहिल्यावाचून देऊ नये, असा माझा आग्रह आहे. गाडी गरम होऊन केवळ हेड गॅस्केट जळले असेल व हेड किंचित वाकले असेल, तर ते घासून सपाट करता येते आणि खर्च आटोक्यात राहतो. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असतील, तर काम वाढते, तरी ब्लॉक पुष्कळदा वाचतो. परंतु ऑइल संपल्यावरही गाडी रेटल्याने बेअरिंगे जाऊन क्रँक खरवडला असेल, तर मिस्त्री पूर्ण इंजिन उतरवण्याची भाषा करतो आणि ती रास्तही असते. घाटाखालच्या, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या काठच्या तालुक्यांत पावसाळ्यात आणखी एक संकट संभवते: पाण्यात बंद पडलेली गाडी घाईने पुन्हा सुरू करताना सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात ही हानी सहसा बसत नाही. तिच्यासाठी इंजिन संरक्षणाची स्वतंत्र तरतूद घेतलेली असावी लागते.

नुकसानीची खातरजमा झाली की जमाखर्च मांडावा. दुरुस्तीचा आकडा नव्या गाडीच्या किमतीशी ताडणे ही सर्रास होणारी गल्लत आहे, कारण त्या किमतीपुढे कोणतीही दुरुस्ती स्वस्तच भासते; मागे टायरांवर घातलेले पैसेही या हिशेबात धरू नयेत, कारण ते कोणत्याही निर्णयाने परत येत नाहीत. समजा, दुरुस्त गाडी अडीच लाखांना जाईल, आहे तशी साठ हजारांना, आणि खर्च नव्वद हजार आहे. तर नव्वद हजारांत एक लाख नव्वद हजारांचे मूल्य पदरी पडते व दुरुस्ती योग्य ठरते. तीच गाडी दुरुस्तीनंतर सव्वा लाखाचीच असेल, तर तेवढ्याच खर्चात जेमतेम पासष्ट हजारांचे मूल्य मिळते. त्यात कोकणच्या पावसाने चासी गंजली असेल, तर मोह आवरावा.

कुर्ल्याच्या बाजारातून जुने इंजिन आणून बसवण्याचा मार्ग स्वस्त खरा. पण त्या इंजिनाची मूळ कागदपत्रे पाहावीत आणि नवा क्रमांक परिवहन कार्यालयाच्या दप्तरी चढवून घ्यावा, अन्यथा विक्रीच्या वा विम्याच्या वेळी गाडी अडते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते; पुढील नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाले, आणि त्या वेळी वाहनाची तपासणीही होते. मुदत जवळ आलेल्या गाडीच्या खर्चात ही रक्कमही धरावी. मोडीत काढायची तर नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

एक गोष्ट मात्र आकड्यांत मावत नाही. शेवटची एसटी गेल्यावर आडगावच्या घरातील आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी गाडी बाजारभावाहून मोलाची असते, आणि ज्या घराला पाच-सात वर्षांचे हप्ते पेलणार नाहीत, त्या घराने ओळखीच्या, सुस्थितीतल्या गाडीचे इंजिन करून घेण्यात कंजुषी नसून विवेक आहे. फक्त लेखी अंदाजपत्रक घ्यावे, काढलेले भाग डोळ्यांनी पाहावेत, आणि बिघाडाचे मूळ कारण दूर झाल्याची हमी मिळाल्यावाचून पैसे मोजू नयेत. कारण ते कारण राहिले, तर दुसरे इंजिनही पहिल्याच वाटेने जाते.