धायटीचे फूल आणि शिंजिराचा वाटा

आसवारिष्टांच्या संधानात धातकीपुष्प नाही असे क्वचितच घडते. कुमार्यासव असो, द्राक्षासव असो, दशमूलारिष्ट वा कुटजारिष्ट असो, गुळाच्या बरोबरीने धायफूल हवेच. औषधशाळेच्या खरेदीवहीत हे द्रव्य किलो-क्विंटलच्या रकान्यात येते आणि तेथेच आपली त्याच्याशी ओळख संपते. (बाजारात यालाच ‘धावडीचे फूल’ म्हणतात, त्यावरून धावडा नावाच्या वृक्षाशी त्याची गल्लत करणारे नवखे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.) ज्या झुडपावरून हे फूल खुडले जाते ते झुडूप बहराच्या दिवसांत पाहिलेले वैद्य त्यामानाने थोडेच.

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील दोन तालुक्यांत, विशेषतः पूर्वेकडील खडकाळ डोंगरउतारांवर, माघ-फाल्गुनात धायटी फुलते. त्या वेळी भोवतालच्या रानाची पानगळ चालू असते, गवत वाळलेले असते आणि पाणवठे आटू लागलेले असतात. अशा ओसाड दिवसांत फांदीच्या अंगालगत दाटलेली ती लाल, नळीदार, मधुरसाने भरलेली फुले म्हणजे शिंजिरांचे अन्नछत्रच होय. शिंजीर फुलात चोच घालतो, त्याच्या कपाळाला पराग लागतो आणि पुढच्या झुडपापर्यंत तो जातो. ज्या मधुरसावर व फुलासवे येणाऱ्या नैसर्गिक किण्वांवर आपले संधान विसंबते, त्याच मधुरसावर या पक्ष्याचा उन्हाळा विसंबतो. फूल एकच आणि वाटेकरी दोन, असा हा प्रकार आहे. त्यातील एक वाटेकरी पोते घेऊन येतो, ही खरी अडचण.

फूल संपूर्ण खुडले की बी धरत नाही. धायटी चिवट असल्याने तोडलेल्या खोडापासून पुन्हा फुटते, म्हणून तोटा चटकन दिसत नाही. जुनी झुडपे उभी असतात, नवी मात्र उगवत नाहीत. शिंजिराची उपासमार तर कोणत्याच वहीत नोंदली जात नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या दवाखान्याच्या, औषधशाळेच्या आणि वाडीच्या कुंपणासाठी झुडपे निवडताना औषध आणि पक्षी या दोहोंच्या कामी येणारी स्थानिक झुडपे निवडावीत, आणि रानातून माल घेताना पक्ष्यांचा वाटा सोडून घ्यावा.

सुश्रुतांनी स्थावरांचे जे चार वर्ग केले त्यांत पसरणाऱ्या वेली आणि झुडपे यांना मिळून ‘वीरुध’ म्हटले आहे. आजच्या वृक्षारोपणात या वर्गाला स्थानच नाही. वनमहोत्सवात खड्डे खणले जातात ते वृक्षांसाठी. झुडूप म्हणजे साफ करावयाचा झाडोरा, अशी समजूत आहे. वस्तुतः शिंपी, वटवट्या, बुलबुल, सातभाई, शिंजीर हे नित्य परिचयाचे लहान पक्षी बहुधा माणसाच्या उंचीच्या आतबाहेरच घरटी करतात. उंच गुलमोहर किंवा निलगिरी त्यांना काय कामाची?

डहाणू तालुका केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. उद्योगांवर त्यामुळे नियंत्रण आले, हे निःसंशय. परंतु बांधावरचे करवंद तोडून तारेचे कुंपण घातले तर ते कोणत्या अधिसूचनेत अडणार? त्यातच मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे या दोन्ही प्रकल्पांच्या वाटा याच दोन तालुक्यांतून आखलेल्या आहेत. अशा कामांत वृक्षांची मोजदाद होते, झुडपांची होत नाही.

आता निवडीकडे वळू. पहिला मान करवंदाचा. करमर्द म्हणून ते आपल्या निघंटूंत आहेच. सदाहरित, काटेरी आणि दाट अशा या जाळीत बुलबुलाचे घरटे मांजराच्या पंज्यापासून बव्हंशी सुरक्षित राहते. चैत्र-वैशाखात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते त्या सुमारास, वारली भगिनी पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन महामार्गाच्या कडेला बसतात. त्याच दिवसांत बुलबुल आणि कोकीळ तीच फळे रानात खात असतात. करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. पिकल्या फळातून काढलेले ताजे बी धुऊन लगेच पेरावे, पहिल्या पावसात रोपे लावावीत.

अडुळसा व निर्गुंडी यांना गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ही जोडी उत्तम. दोन्ही छाटाच्या कांडीपासून सुलभतेने वाढतात. निर्गुंडीच्या निळसर तुऱ्यांवर कीटकांची सतत वर्दळ असते आणि त्या कीटकांवर पक्षी जगतात. अडुळशाच्या फुलांतील रस भुंग्यांबरोबर शिंजीरही घेतात. वासापत्राची गरज कोणत्या वैद्याला नसते?

मुरुडशेंगेविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. बाळगुटीतील तिची पिळाची शेंग सर्वांच्या परिचयाची. फूल पाहिलेले मात्र थोडे. ते उमलते तेव्हा लालभडक असते आणि जुने झाले की निळसर राखी होते. शिंजीर ताज्या लाल फुलांकडे येतात, आणि सातभाईंचे थवेसुद्धा त्यातील रसासाठी येतात, हे वाचकांनी अवश्य पाहावे. गोंगाट करणाऱ्या त्या मातकट पक्ष्यांना असे नाजूक काम करताना पाहून मौज वाटते.

गेळ म्हणजे मदनफळ. वमनद्रव्यांत चरकांनी ज्याला श्रेष्ठ म्हटले, त्याचे झुडूप आज पंचकर्म केंद्रांच्या आवारात अभावानेच दिसते. त्याचे काटे लांब व मजबूत असतात. घरट्यांना असा पहारेकरी दुसरा नाही. त्याच्या जोडीला तोरण किंवा बोर लावावे, आणि आधार मिळेल तेथे मालकांगोणी चढवावी. ज्योतिष्मतीचे पिवळे फळ उकलले की आतील लालसर गर पक्ष्यांना लांबून दिसतो. तो खाऊन ते बी दूरवर टाकतात. कुड्याचे बी मात्र वाऱ्यावर जाते, त्याला पक्ष्यांची गरज नाही. तो आपण आपल्या गरजेसाठी लावावा.

येथे घाणेरीचा प्रश्न निघतो. तिची काळी फळे पक्षी आवडीने खातात, मग ती का नको? घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. शोभेचे झुडूप म्हणून ती येथे आली. पक्षी तिचे बी पसरवतात म्हणूनच ती अनावर झाली. तिच्याखाली धायटीचे वा भारंगीचे रोप वर येऊ शकत नाही, आणि तिचा पाला गुरांच्या यकृताला घातक ठरतो. एका फळासाठी दहा झुडपांचे रान द्यावे, असा हा सौदा आहे. ती एकदम उपटून जागा उघडी करू नये, एवढे मात्र सांगतो; करवंद-अडुळसा लावून, ते अंगावर आल्यावर टप्प्याटप्प्याने काढावी.

घोलवड-बोर्डीकडील चिकू बागायतदार निराळा आक्षेप घेतात: फुलटोच्या बांडगूळ पसरवतो, मग पक्ष्यांना बोलवावे कशाला? आक्षेप निराधार नाही. कोकणात बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा किती, यावर डॉ. सालिम अली यांनी १९३१ सालीच लेख लिहिला होता. परंतु फुलटोच्या तुमच्या कुंपणाची वाट पाहत नाही; तो बांडगुळासाठीच येतो. त्यावर उपाय एकच, बांडगूळ फळण्यापूर्वी फांदीसह कापणे. कुंपणातील शिंपी व वटवट्या मात्र बागेतील अळ्या टिपतात, त्यांना घालवून बागायतदाराचे हित काय साधणार?

खरेदीविषयी दोन शब्द. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील अधिकार ग्रामसभेला व वनहक्कधारकांना दिला आहे. तेव्हा धायफुलाची मागणी शहरातील दलालाकडे न नोंदविता ग्रामसभेशी बोलून ठरवावी, आणि दराबरोबरच अट ठरवावी: प्रत्येक झुडपावरील निदान तिसरा हिस्सा फुले न खुडता ठेवावयाची, आणि एक उतार वर्षाआड सोडावयाचा. हा तिसरा हिस्सा आमचा अंदाज आहे. वारली वा कोकणा वडीलधाऱ्यांना त्या उताराचे अधिक ज्ञान असेल तर त्यांचे ऐकावे. वनस्पतींची नावे-रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. अशा अटीने माल किलोमागे महाग पडेल. तो भार आसवाच्या बाटलीवर किती येतो, हे प्रत्येक औषधशाळाचालकाने स्वतः मांडून पाहावे. धायफुलाचे पाठातील प्रमाण त्यांना ठाऊकच आहे.

लागवड मृगाच्या पावसानंतर करावी. एकेरी ओळ लावू नये. दोन-तीन ओळी आडव्या-तिडव्या लावल्या तरच आत अंधार व आडोसा निर्माण होतो. कीटकनाशक फवारू नये, कारण पिलांना कीटकच भरवले जातात. बुलबुलांची वीण उन्हाळ्यात सुरू होते आणि वटवट्यांची पावसाळ्यात चालते, म्हणून फाल्गुनापासून आश्विनापर्यंत कुंपणाला कात्री लावू नये. वासापत्रासाठी छाटणी दिवाळीनंतर करावी, तीही एका वर्षी अर्ध्या कुंपणाची. उरलेल्या अर्ध्यावर त्या हिवाळ्यात फूल येऊ द्यावे.