हातांचें दुखणें पायांवर

हातावर इसब उठलें, कीं घरांतील सर्व मंडळी हाताच्या औषधास लागतात. पायांची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. बांधकामावरील ओव्हरसियर, कंत्राटदार व गवंडी यांस ही उपेक्षा फार महाग पडते. यासाठीं आम्ही आज पायांचा कैवार घेत आहों.

ओलें सिमेंट अतिशय क्षारयुक्त असल्यामुळें कातडी जाळतें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यांत क्रोमियम धातूचे क्षारही अल्प प्रमाणांत असतात, व कित्येकांच्या कातडीस त्यांचें वावडें जडतें. जेगर व पेलोनी यांनीं १९५० सालीं सिमेंटच्या इसबाचा क्रोमियमशीं असलेला संबंध दाखवून दिला. एकदां जडलेलें हें वावडें सहसा सुटत नाहीं. आतां गोम अशी, कीं बाजारांतील बहुतेक चामडें क्रोमियमच्याच क्षारांनीं कमावलेलें असतें. बुटांत घाम सांचला, कीं तो अंश पाझरून पायांस लागतो. मग मनुष्य रजा घेऊन घरीं बसला तरी पाय बरे होत नाहींत; कारण वैरी पायांतच घातलेला असतो! युरोपांत २००५ पासून सिमेंटांतील, व २०१५ पासून कातडी वस्तूंतील या उग्र क्रोमियमवर कायद्यानें मर्यादा घातली आहे.

हें दुखणें ओळखावें कसें? जोड्याचें वावडें बहुधा पावलाच्या वरच्या अंगास व दोन्ही पायांवर उठतें; वहाण असेल तर पट्ट्याखालीं. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून फाटत असेल, तर त्या बहुधा चिखल्या समजाव्या. खात्रीसाठीं त्वचारोगतज्ज्ञ संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवसांनीं पाहतात. ही परीक्षा नवा जोडा घेण्यापूर्वींच करून घ्यावी. कारण कोणाकोणास रबरांतील द्रव्यांचेंही वावडें असतें, व त्यांस रबरी बूट अपायकारक होतो.

कामावर उंच, पाणी न शिरणारे बूट घालून विजारीचे पाय बुटांबाहेर सोडावे, म्हणजे सिमेंट आंत पडत नाहीं. तरीही तें आंत शिरल्यास बूट व मोजे तत्काळ काढून पाय भरपूर स्वच्छ पाण्यानें धुवावे. संध्याकाळची वाट पाहूं नये. सुती मोजे रोज बदलावे, व दोन जोड आलटून पालटून वापरून ओला जोड पुरा वाळूं द्यावा. घरीं आल्यावर बेचकीन्‌बेचकी कोरडी करून टांचांस खोबरेल किंवा कोकमाचें तेल लावावें. क्रोमियमचें वावडें ठरल्यास घरच्या वापरास वनस्पतींनीं कमावलेल्या चामड्याची वहाण पाहावी. अस्सल कोल्हापुरी वहाण परंपरेनें बाभळीची साल व हिरडा यांनींच कमावलेल्या चामड्याची असते. भेगांवर बिब्बा घालण्याची चाल मात्र सोडून द्यावी. त्यानें कातडी उतून मूळ दुखण्यांत भर पडते. मधुमेही मनुष्यानें तर लहानशी भेगही वैद्यास दाखवावी.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. वावड्याचें इसब लागट नाहीं. त्यापायीं कर्त्या पुरुषाचें ताट किंवा अंथरूण वेगळें करूं नये. चिखल्या मात्र लागट असूं शकतात. तेथें पंचा व मोजे वेगळे ठेवणें इष्ट. ज्या पायांवर घर उभें आहे, त्यांकडे रोज दोन मिनिटें पाहणें कोणत्याही कुटुंबास जड वाटूं नये.