गगनाचा खर्च कोणी सोसावा?

ओझरच्या धावपट्टीशी नाशिककरांची ओळख १९६४ पासूनच्या मिग विमानांच्या कारखान्यामुळे. तेथून ‘उडान’ योजनेखाली मुंबईला जाणारी छोट्या विमानाची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. परंतु ती फार काळ टिकली नाही. अशा सेवांचा हिशेब मांडताना तिकिटाचा दर, प्रवासीसंख्या आणि अनुदान यांचाच ऊहापोह होतो. वैमानिकापुढील उपकरणांचा खर्च सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

नाशिक-मुंबई हे अंतर थोडे असले तरी वाटेत सह्याद्री आहे आणि कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. पावसाळ्यात कसाऱ्याचा घाट ढगांनी झाकला की वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. विमान सरळ चालले आहे की कलले आहे, हेही शरीराच्या जाणिवेवरून नीट समजत नाही. तेथे भरवसा केवळ उपकरणांचा. म्हणूनच १९४४ च्या शिकागो कराराच्या सहाव्या परिशिष्टात अशा उड्डाणासाठी कसोटी घालून दिली आहे: ठरलेल्या मार्गाने जाता येईल अशी दिग्दर्शक साधने विमानात हवीत, आणि त्यांपैकी एक बिघडले तरी उरलेल्यांवर मार्ग निभावला पाहिजे. खिशातील दूरध्वनीवरचा नकाशा या कसोटीस उतरत नाही. आपण चुकत आहोत, हे तो सांगत नाही.

खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. धावपट्टीवर बसविलेली अवतरण-यंत्रणा सार्वजनिक खर्चातून उभी राहते आणि तिचा लाभ येणाऱ्या प्रत्येक सुसज्ज विमानाला मिळतो. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी सुमारे ७७४ कोटी रुपये खर्चून उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रह-प्रणालीने ही मांडणी बदलली. धावपट्टीवरील महागडी यंत्रे त्यामुळे टळतात. संकेत घेणारे उपकरण मात्र विमानमालकाने बसवायचे. राजस्थानातील किशनगढला एप्रिल २०२२ मध्ये ‘गगन’च्या साह्याने उतरलेले विमान एटीआर जातीचे होते. सत्तरेक आसनांवर विभागला जाणारा खर्च नऊ आसनांच्या विमानाला मात्र जड जातो. २०१६ च्या धोरणात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या विमानांवर ही सक्ती १ जानेवारी २०१९ पासून होती. ती पुढे १ जुलै २०२१ वर गेली, यात नवल नाही.

मग लहान विमानांना सूट द्यावी काय? मुळीच नाही; ढग आसने मोजत नाहीत. जमिनीवरील जुनी केंद्रे मोडीत काढणेही शहाणपणाचे नव्हे. उपग्रह-संकेतांत होणाऱ्या ढवळाढवळीविषयी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढावे लागले. अर्थात, मालकाला दोन्ही प्रकारची साधने बाळगणे आले.

‘उडान’चे अनुदान आसनांच्या हिशेबाने तीन वर्षे मिळते आणि त्यासाठीचा निधी मुख्य मार्गांवरील उड्डाणांच्या अधिभारातून येतो. त्याच निधीतून उपकरणांसाठी एकरकमी, बिनव्याजी कर्ज देता येईल. कंपनीने मार्ग मध्येच सोडला तर उरलेली रक्कम विमानाच्या विक्रीतून प्रथम वसूल व्हावी, अशी अट मात्र करारातच हवी.