आजीची चव आणि घराची कडी

श्रीगोंद्याशेजारच्या नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हा यूट्यूब चॅनेल सुरू केला. घरचा मसाला, गावाकडची बोली. नटवेपणा कुठेच नाही. लोकांना नेमकं तेच भावलं.

त्याच वर्षी चॅनेल हॅक झाला. सुदैवाने परत मिळाला.

नाव कमावलं की कडीकुलूपही लागतं. पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी हवीच, ओटीपी कुणालाही सांगू नये.

व्हिडिओत काय दिसतं, यावरही कडी हवी. श्रीगोंद्याच्या लिंबू बागायतदारानेही विक्रीसाठी व्हिडिओ काढताना फळांनी लगडलेली फांदी, हिरव्या सालीवरचं दव जरूर दाखवावं. मात्र मागे मुलीच्या गणवेशावरचं शाळेचं नाव किंवा खाटेवर पडलेलं आधारकार्ड दिसत असेल, तर तो व्हिडिओ पुन्हा काढावा. गिऱ्हाइकाला लिंबं हवी असतात.