तीन फुटांच्या फळीवर नऊ गुंठे

सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. मुलांना दिवसभर कशात गुंतवायचे? मोबाईल हातात दिला की मूल गप्प बसते खरे, पण सुट्टी संपल्यावर त्याच्या पदरात काय पडले, याचे उत्तर आईबापांना देता येत नाही. अशा पालकांना आम्ही एक छंद सुचवू इच्छितो. तो म्हणजे शेताचा मापात बसणारा देखावा घरी तयार करण्याचा. एका फळीवर माती, बांध, विहीर, पीक आणि माणसे मांडायची. त्यात खेळण्यातला ट्रॅक्टर ठेवायचा, पण बाजारातून आणला तसा नव्हे, आपल्या हाताने बदललेला. आणि त्याला जोडायची घरीच बनवलेली ट्रॉली.

कोणी म्हणेल, शहरातल्या पोरांना शेत कशाला हवे? आमचे म्हणणे असे की त्यांनाच ते अधिक हवे. आमच्या शिरवण्याचेच उदाहरण घ्या.

शेत नसलेले गाव

आज जुईनगर स्टेशनवर उतरून शिरवण्यात आले की गावठाणातील दाटीची घरे, इमारती, महामार्गावरची वाहने आणि एम.आय.डी.सी.चे कारखाने दिसतात. शेत दिसत नाही. पण ठाणे खाडीकाठचा हा सारा पट्टा एकेकाळी आगरी-कोळी बांधवांच्या भातशेतीचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि उघाडीतून शेतातले जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, अशी ती कष्टाची खारशेती. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले.

दुसरीकडे, याच कारखान्यांत काम मिळेल या आशेने घाटावरून, मराठवाड्यातून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे हलवली. त्यांची शेते मागे राहिली. म्हणजे शिरवण्यात दोन प्रकारची मुले एकत्र वाढत आहेत. काहींच्या आजोबांचे शेत पायाखाली, डांबराच्या आणि सिमेंटच्या आत गेले. काहींच्या आजोबांचे शेत शेकडो कोस दूर राहिले. दोघांनाही तांदूळ आणि ज्वारी ठाऊक आहे ती पिशवीतली!

परदेशातला छंद

हा छंद काही नवा नाही. इंग्लंडमधील ब्रिटन्स ही कंपनी शिशाचे सैनिक बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना युद्धाच्या खेळण्यांचा वीट आला, तेव्हा १९२० च्या दशकात या कंपनीने गाई, मेंढ्या, शेतकरी, गाड्या अशी शेतावरची खेळणी बाजारात आणली. तिच्या सैनिकाची उंची ५४ मिलिमीटर असे. त्या उंचीशी जुळणारे १:३२ हे माप पुढे शेतीच्या खेळण्यांत रूढ झाले. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली घरातल्या भट्टीत धातू वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. त्याच राज्यातील डायर्सव्हिल या गावी आज शेतीच्या खेळण्यांचे संग्रहालय आहे. तिकडची मोठी माणसेही विकतच्या ट्रॅक्टरची चाके बदलतात, त्याला नवा रंग देतात, चिखल आणि गंज लागलेला दाखवतात, आणि स्वतःचे शेत जसेच्या तसे मांडतात.

आपल्याकडेही या कलेची जाण आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने सुरू झाले आणि १९७५ साली त्याला आजचे नाव मिळाले. तेथे निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृती मांडल्या आहेत. जुईनगरहून कुर्ल्याला गाडी बदलली की भायखळा. काम सुरू करण्यापूर्वी मुलांना एकदा तेथे जरूर न्यावे.

एक फूट म्हणजे एक गुंठा

आता मापाचे गणित पाहू. १:३२ म्हणजे खऱ्या वस्तूची लांबी ३२ ने भागायची. साडेतीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर सुमारे ११ सेंटिमीटरचा होतो. सव्वापाच-साडेपाच फुटांचे माणूस पाच सेंटिमीटरचे होते. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद ट्रॉलीचा हौदा साडेनऊ बाय पावणेसहा सेंटिमीटर होतो.

या मापात आपल्या सोयीची एक गंमत आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्याला ३२ ने भागले की जवळजवळ एक फूट बाय एक फूट! म्हणजे घरातली एक फुटाची फरशी म्हणजे एक गुंठा. ४० फरशा म्हणजे एक एकर. मुलांना हे सांगून पाहा. ती लगेच घरभर फरशा मोजत सुटतील.

सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहिलेले असते. एक आर म्हणजे एका गुंठ्याहून किंचित कमी. तेव्हा जितके आर, तितके चौरस फूट, असा ढोबळ हिशेब धरावा.

आमचे नऊ गुंठे

आमच्या घरी हा हिशेब मांडला तेव्हा उत्तर आले नऊ. घाटावरच्या आमच्या गावी हाडोळ्याची जमीन होती. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतनाच्या सक्तीच्या कामातून सुटका झाली आणि ठराविक रक्कम भरून ती जमीन पूर्वीच्या वतनदारांच्या नावे करण्याची तरतूद झाली. पुढे भावाभावांत वाटण्या होत होत आबांच्या वाट्याला आले नऊ गुंठे. शेत जवळजवळ चौकोनी. म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांची फळी, आणि तिच्यावर आमची सगळी इस्टेट!

पोरांनी बाजारातला लाल ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली फळीवर ठेवली. दोन्ही मिळून लांबी पंचवीस सेंटिमीटर. शेताच्या एका बाजूचा चौथा हिस्सा त्यातच गेला. आबा खाटेवरून म्हणाले, "आरं, एवढ्या तुकड्यात ह्यो वळंल का? आन् आपल्याकडं ट्रॅक्टर हुता कवा?"

मग धाकटीने विचारले, "आबा, मग नांगरायचात कशानं?"

आबांनी सांगितले ते आम्हीही प्रथमच ऐकत होतो. बैल दुसऱ्याचे असत. एक दिवस औत मिळाले की त्याच्या बदल्यात त्याच्या रानात चार दिवस राबावे लागे. त्यामुळे आपल्या रानाची पेरणी नेहमी सगळ्यांच्या शेवटी, ओल उडून गेल्यावर होई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत एक निबंध लिहिला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर लागणारे भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण जमिनीशी जुळले पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांकडे वळवावा, हा उपायही सांगितला. फळीवरचा तो अवाढव्य ट्रॅक्टर आणि आबांचे ते चार दिवस पाहिले की या निबंधातील मुद्दा दहावीच्या मुलालाही उमगतो. आबा शिरवण्याच्या कारखान्यात का आले, हेही उमगते.

पण खरा प्रश्न पुढे आला. बांध कोठे दाखवायचे? आता शेजारचा शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतो आणि दरवर्षी फाळ बांधाला थोडा थोडा घासून जातो. हद्दीचे दगड कोणत्या कोपऱ्यांत आहेत, विहिरीवर जाण्याची वाट कोणाच्या रानातून आहे, हे घरात फक्त आबांना ठाऊक होते. आबांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. पोरांनी त्यांच्यासमोर फळी ठेवली आणि चार लाल मणी हातात दिले. आबांनी एकेक मणी त्या त्या जागी ठेवला. तिसऱ्या मण्याला त्यांनी बराच वेळ लावला. "हितं बाभूळ हुती," म्हणाले.

वाचकहो, फळीवरचे मणी कोर्टात पुरावा होत नाहीत. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच करावी लागते. आम्ही आता तो अर्ज करीत आहोत. मोजणीदारासमोर उभे राहून काय विचारायचे, हे पोरांना त्या फळीने शिकवले. आपल्याही घरी गावाकडची जमीन असेल तर सातबारा काढून पाहा. वतनाची जमीन असेल तर ती भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे मुद्दाम वाचा. वर्ग २ ची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही.

कृती

फळीसाठी जुने प्लायवूड किंवा खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यावा. थर्माकोल वापरू नये. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. उंचसखलपणा कागदाच्या लगद्याने करावा. त्यावर फेव्हिकॉल पसरून चाळलेली माती शिंपडावी. मिळाली तर गावचीच माती आणावी, रंग खरा दिसतो.

ज्वारीसाठी फुलझाडूच्या बारीक काड्या सहा सेंटिमीटर लांबीच्या कापून लावाव्यात आणि टोकाला गोंद लावून रव्यात बुडवावे, म्हणजे कणसे तयार होतात. दोन ओळींत १४ मिलिमीटर आणि दोन ताटांत ५ मिलिमीटर अंतर ठेवावे. खऱ्या शेतात ते ४५ आणि १५ सेंटिमीटर असते. या हिशेबाने एका गुंठ्यात सुमारे पंधराशे ताटे बसतात. आमच्या पोरांनी एकच गुंठा लावला आणि हात टेकले. बाकीचे रान नांगरलेले दाखवले. नऊ गुंठे खुरपणाऱ्या बाईची कंबर काय होत असेल, हे वेगळे सांगावे लागले नाही. भाताचे खाचर करायचे असल्यास बांध एक सेंटिमीटर उंच ठेवावा आणि पाण्यासाठी पारदर्शक वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

विकतच्या ट्रॅक्टरचे मागचे चाक आधी मोजावे. ते चार सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ट्रॅक्टर मापात आहे असे समजावे. चकचकीत रंगावर बारीक पॉलिश कागद फिरवावा, पातळ मातकट रंग चाकांवर व खालच्या भागावर लावून फडक्याने पुसावा. जुन्या छत्रीच्या कापडाचे छत आणि तारेचा हूक बसवावा.

ट्रॉलीचा हौदा आइसक्रीमच्या काड्यांचा करावा. फाळके दोन सेंटिमीटर उंच, मागचा फाळका उघडणारा. आस सायकलच्या स्पोकचा, चाके बाटलीच्या झाकणांची, त्यावर जुन्या स्लिपरच्या रबराची पट्टी. ट्रॉली उलटी करण्यासाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणाव्यात, एक बारीक, एक जाड. दोन्ही नळीने जोडून पाणी भरावे. नळीत हवा राहू देऊ नये. बारीक दाबली की जाड सिरिंज हौदा उचलते. खऱ्या ट्रॉलीतही हेच तत्त्व आहे, फक्त तेथे पाण्याऐवजी तेल असते. ब्लेडचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

माणसे विसरू नका

शाळेच्या प्रदर्शनांत शेताचे देखावे आपण पाहतो. ट्रॅक्टर असतो, फेटा बांधलेला मालक असतो, बैलजोडी असते. खुरपणारी बाई बहुधा नसते. ट्रॉली भरणारा मजूर नसतो. आपल्या देखाव्यात ही माणसे आधी बसवा. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, अंगावर जुन्या लुगड्याचा तुकडा. आमच्या फळीवर आबांची आई वाकून खुरपते आहे. तिचा एकही फोटो घरात नाही. लुगड्याचा रंग आबांनी सांगितला, हिरवा.

ट्रॅक्टर आम्ही फळीवरून काढला नाही. तो आता बांधाबाहेर, भाड्याने आलेला असा उभा आहे, ट्रॉलीसह.

येत्या सुट्टीत आपणही हे करून पाहावे. गावठाणातील मुलांनी आजीला विचारून उघाडी आणि खाचरे मांडावीत, वस्तीतील मुलांनी आपापल्या गावचे रान मांडावे, आणि एखाद्या रविवारी ही सारी शेते एका सभागृहात शेजारी शेजारी ठेवावीत. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्यांनी ज्या रानात आपली माणसे राबली ते रान मांडावे. घरात विचारण्यासारखे वडीलधारे माणूस असेल तर फळी आणण्याआधीच वही काढून बसावे.