'सर, ओपन करून द्या ना!'

बर्डीवरच्या दुकानांत मोबाइल 'अनलॉक' होतो, म्हणून हॅम रेडिओचा हँडसेटही तसाच 'ओपन' करून घ्यायचा असतो, अशी पोरांची समजूत आहे. मी नागपुरातला जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. घरी आलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी चहा यायच्या आत बॅगेतून सेट काढतो आणि हीच मागणी करतो.

काम तसं सोपं. सेट सुरू होताना आतला प्रोसेसर बोर्डावरच्या एक-दोन जागा तपासतो: तिथे जोड आहे की नाही? त्यावरून कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलू द्यायचं ते ठरतं. कंपनी एकच बोर्ड अनेक देशांत विकते, फरक अशा जोडांपुरता. कुठे बारीक डायोड काढायचा, कुठे सोल्डरचा ठिपका उचलायचा, की मर्यादा सैल. याला 'मार्स मॉड' म्हणतात. मंगळाशी संबंध नाही. अमेरिकी लष्कराला मदत करणाऱ्या हॅम मंडळींच्या यंत्रणेचं ते नाव. त्यांना हॅम बँडबाहेरच्या काही फ्रिक्वेन्सींची अधिकृत मुभा असते. आपल्याकडे तशी कुणी दिलेली नाही.

आणि पडद्यावर आकडे उमटले म्हणून सेट तिथे नीट चालतोच असं नाही. १४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटरची. तिच्या पाव लांबीच्या हिशेबाने रबरी अँटेनात तार गुंडाळलेली असते. १७० वर बोलायला गेलात तर अँटेनाचा मेळ बिघडतो, पाच वॉटमधली बरीच शक्ती उलटी फिरते आणि सेट तापतो. सोनेगावला उतरणारी विमानं ऐकायची हौसही बहुतेकांना असते. पण विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएम पद्धतीने चालतं. सेटात एएम डिटेक्टरच नसेल तर कितीही जोड तोडा, धड शब्द कानी पडायचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. भारतात हॅमना दोन मीटरचा बँड मिळतो १४४ ते १४६. अमेरिकेत तो १४८ पर्यंत. म्हणजे न्यू जर्सीच्या मामाने आणलेला सेट डबीतून निघतानाच आपल्या हद्दीपेक्षा दोन मेगाहर्ट्झ जास्त बोलतो! स्वस्त चिनी बाओफेंग तर कारखान्यातूनच १३६ ते १७४ मोकळा येतो. त्याला आणखी काय ओपन करायचं?

त्या मोकळ्या पट्ट्यात रेल्वे आहे, पोलीस आहेत, वनखातं आहे. नागपूर पडलं जंक्शन. गार्ड आणि लोको पायलट व्हीएचएफ सेटवर बोलत असतात. हे सेट चालतात एफएमवर, आणि एफएममध्ये जवळचा जोरकस सिग्नल दूरच्या क्षीण सिग्नलला पार दाबून टाकतो. पोराने गच्चीवर सहज 'हॅलो, हॅलो' केलं, तर नेमक्या त्या क्षणी कुणाचा निरोप बुडाला, हे त्याला कधी कळणारही नाही. मला या छंदात सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच.

म्हणून मी उलटं काम करतो. बाओफेंगला केबल लावायची, लॅपटॉपवर 'चर्प' हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि सेटच्या मर्यादा आवळायच्या: खाली १४४, वर १४६, हॅमना मिळणाऱ्या दुसऱ्या बँडला ४३४ ते ४३८. पोरगं खट्टू होतं. मग त्याला सांगतो, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि तिथले अंतराळवीर शाळांशी बोलतात ते १४५.८०० वर. ऐन आपल्या पट्ट्यात! नागपूरवरून जाताना ते बोलत असले, तर साध्या हँडसेटवरही ऐकू येतं.

हे सगळं अर्थात लायसन्स असेल तर. परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगायलाच १९३३च्या कायद्याने बंदी केली. गेल्या महिन्यात आलेल्याला मी आधी तेच विचारलं. म्हणाला, "परीक्षा द्यावी लागते ना सर, अजून वय कमी आहे माझं." परीक्षेला वयाची अट बाराची आहे. हा तिसऱ्या वर्षाला होता.