लेहच्या वाटेवर निघण्यापूर्वी

उन्हाळा सरत आला आणि हिमालयातील घाट खुले झाल्याच्या वार्ता येऊ लागल्या की आमच्या खेड्यापाड्यांतील तरुणांच्या मनातही लडाखच्या प्रवासाचे विचार घोळू लागतात. बेळगावकडील काय, गोव्यातील काय किंवा इंदूर-बडोद्याकडील काय, मोटारसायकलवरून लेहपर्यंत जाऊन यावे ही हौस आता शहरी मुलांपुरती राहिलेली नाही. मुलाने हा बेत घरी बोलून दाखविला म्हणजे बहुधा दोनच गोष्टी घडतात. आई डोळ्यांस पदर लावते, किंवा वडील 'बघू पुढे' म्हणून विषय टाळतात. आणि मुलगा एके दिवशी अर्ध्यामुर्ध्या तयारीने निघून जातो. आमच्या मते 'जाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा 'कसा जाणार, ते सांग' असे विचारणे अधिक हिताचे आहे. हा प्रश्न वडीलधाऱ्यांस नेमकेपणाने विचारता यावा आणि मुलास त्याचे उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच हा लेख.

वाट कशी आहे

प्रथम वाटेची कल्पना असावी. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे व लेह सुमारे ३,५०० मीटर. मात्र या दोहोंच्या मध्ये बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर) आणि तांगलांग ला (सुमारे ५,३२८ मीटर) यांसारख्या खिंडी ओलांडाव्या लागतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड टाळता येते व अंतर ४६ किलोमीटरांनी कमी झाले आहे. परंतु त्यापुढील खिंडी जेथे होत्या तेथेच आहेत. सर्वांत उंच ठिकाणी हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरील दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. तेथे माणसास धाप लागते, आणि यंत्रासही लागते. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर दर हजार मीटरला सुमारे दहाव्या हिश्शाने घटतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडू लागते. गाडी काळा धूर टाकते व अडखळते. अशा गाडीचा जेट मिस्त्रीकडून बदलून किंवा जुळवून घ्यावा लागतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचे प्रमाण स्वतःच सांभाळतात. परंतु घटलेला जोर त्यांनाही भरून काढता येत नाही.

गाडी कोणती, आणि ओझे किती

पुष्कळांची समजूत असते की मोठी व महागडी गाडी घेतली म्हणजे तयारी झाली. इंग्लंडच्या टेड सायमन यांनी १९७३ साली लंडनहून निघून चार वर्षांत ४५ देश पालथे घातले. त्यांत आपला देशही होता. त्यांची गाडी ५०० सीसीची ट्रायम्फ होती, आणि आजच्या गाड्यांच्या मानाने ती अगदीच साधी म्हणावी लागेल. आजही शंभर सीसीची स्प्लेंडर घेऊन लेह गाठणारे तरुण आहेतच. जी गाडी वर्षभर हाताखाली आहे, जिचा प्रत्येक आवाज कानास परिचित आहे, ती परक्या मोठ्या गाडीपेक्षा बरी. नवीच गाडी घ्यावयाची असेल तर ती निदान काही महिने आधी घ्यावी, तिची पहिली सर्व्हिसिंग उरकावी, आणि मगच लांबच्या वाटेचा विचार करावा.

खरा प्रश्न ओझ्याचा आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ही गाडी जवळजवळ २०० किलो भरते. स्प्लेंडर सुमारे ११२ किलो. तिच्यावर तंबू, गाद्या, भांडी, चार-चार जोड कपडे चढविले की घाटातील खडीवर ती पडावयास वेळ लागत नाही. म्हणून एक परीक्षा आम्ही प्रत्येक घरी घ्यावयास सांगतो. निघण्यापूर्वी आठ दिवस गाडीवर सर्व सामान बांधावे, अंगणात जुने पोते अंथरून गाडी हळूच आडवी करावी, आणि मुलास ती एकट्याने उभी करावयास सांगावे. गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पायांच्या बळावर ती उचलावी. कमरेने ओढू नये. अंगणात जी एकट्यास उचलत नाही, ती पाच हजार मीटरांवर धापा टाकणाऱ्या माणसास मुळीच उचलणार नाही. मग सामान कमी करावे आणि पुन्हा उचलून पाहावी. या एका परीक्षेने निम्मे अनावश्यक सामान घरीच राहते.

राहिलेले सामान बांधण्याचीही रीत आहे. जड वस्तू खाली व मागील चाकाच्या आसाच्या पुढे याव्यात, हलक्या वर. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांचे वजन सारखे असावे. आसाच्या फार मागे जड गाठोडे बांधले तर पुढचे चाक हलके होते आणि वेगात गाडी डुलू लागते. बांधणीचा कोणताही पट्टा चेनपर्यंत किंवा चाकापर्यंत लोंबता कामा नये.

यंत्राची तपासणी

आता गाडीकडे वळू. आरांची चाके असतील तर प्रत्येक आरेवर पान्याने हलकेच टिचकी मारून पाहावी. ताणलेली आरी खणखणते, सैल झालेली बद्द वाजते. टायर झिजलेले असतील तर ते निघण्याच्या दिवशी न बदलता पंधरा दिवस आधी बदलावे, म्हणजे नवेपणाचा गुळगुळीतपणा घरच्या रस्त्यावरच जातो. ट्यूबचे टायर असल्यास पुढच्या व मागच्या दोन्ही मापांच्या ट्यूबा बरोबर असाव्यात. आणि मुख्य म्हणजे मागील चाक काढणे, टायर सोडविणे, ट्यूब बदलणे व सर्व पुन्हा बसविणे हे काम मुलाने घरी स्वतःच्या हाताने निदान दोनदा करावे. मोरेच्या उजाड पठारावर वारा सुटलेला असताना ही विद्या प्रथमच शिकण्याची पाळी येऊ नये.

चेन व तिची दोन्ही चक्रे एकाच वेळी बदलण्याचा प्रघात योग्य आहे. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवावा. फार ताठ चेन खड्ड्यात तुटते, फार सैल चेन उतरते. वाटेत दर चार-पाचशे किलोमीटरांवर, आणि धूळ वा पाणी लागल्यास त्याआधीच, चेन पुसून तिला तेल द्यावे.

क्लचची वायर तुटणे हा वाटेतला नेहमीचा घोटाळा. यावर जुन्या मिस्त्र्यांची एक युक्ती आहे. नवी वायर पिशवीत ठेवण्याऐवजी जुन्या वायरीशेजारूनच टाकीखालून नेऊन ठेवावी व तिची टोके बांधून झाकावीत. जुनी तुटली की फक्त दोन टोके अडकविली, की काम झाले. टाकी उतरविण्याचा खटाटोप नको.

ब्रेकविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे प्रश्न प्राणांचा आहे. डिस्क ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ते तापून उकळते आणि लिव्हर एकाएकी मऊ पडते. ब्रेक दाबला तरी लागत नाही. दोन वर्षे जुने झालेले तेल निघण्यापूर्वी बदलावे, पॅड झिजले असतील तर नवे बसवावेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट सवयीची आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची खोड आपल्याकडे अनेकांस आहे. ती घरीच टाकून जावे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. इंजिनाचा रोध हाच घाटातला पहिला ब्रेक होय.

याखेरीज ऑइल व हवेचा फिल्टर नवा असावा, बॅटरी तपासून घ्यावी, कारण थंडीत तिची शक्ती घटते, आणि प्रत्येक नट-बोल्टवर एकदा तरी पाना फिरवावा. हत्यारांच्या पिशवीत गाडीस लागणारेच पाने, पक्कड, पेचकस, टायर काढण्याचे लिव्हर, पंप, पंक्चरचे साहित्य, एक प्लग, चेनची जोडकडी, फ्यूज, तार व चिकटपट्टी एवढे पुरते. ज्या हत्याराचा उपयोग ठाऊक नाही ते हत्यार नव्हे, ओझे.

पेट्रोल आणि पाणी

मनालीकडून जाताना तांदी येथे पेट्रोल पंप आहे. यापुढील पंप ३६५ किलोमीटरांवर, अशी पाटी तेथे अनेक वर्षे प्रवाशांस बजावीत आली आहे. मुलाने कागदावर हिशेब करावा. टाकी १५ लिटरची असेल आणि चढावर गाडी लिटरला २५ किलोमीटर देत असेल, तर होतात ३७५ किलोमीटर. म्हणजे हाती उरतात दहा. वाट चुकली किंवा रस्ता बंद पडून मागे फिरावे लागले तर हा हिशेब मोडतो. यास्तव चार-पाच लिटर जादा पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, सायलेन्सरपासून दूर, बांधून न्यावे व टाकीत जागा होताच त्यात ओतून टाकावे.

वाटेत बर्फ वितळून आलेले ओढे रस्त्यावरून वाहतात. हे पाणी सकाळी कमी असते व ऊन तापले की दुपारनंतर चढते. म्हणून अशा टप्प्यांसाठी पहाटे निघावे. खोली ठाऊक नसता गाडी पाण्यात घालू नये. आधी चालत जाऊन पाहावी. गाडी पाण्यात पडून इंजिन बंद पडलेच, तर ताबडतोब बटण दाबू नये. आत पाणी गेले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढावे, मगच सुरू करावी.

शरीर आणि कागद

गाडीइतकीच तयारी चालविणाऱ्याच्या देहाची. उंचीवर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे देहाचे इशारे आहेत. पहिली रात्र सर्चूसारख्या सव्वाचार हजार मीटरांच्या ठिकाणी काढण्यापेक्षा जिस्पासारख्या खालच्या गावी काढावी, आणि लेहला पोहोचल्यावर दोन दिवस स्वस्थ राहावे. त्रास वाढला, धाप बसूनही ओसरेना किंवा तोल जाऊ लागला, तर उपाय एकच: विनाविलंब खाली उतरणे आणि डॉक्टर गाठणे. संपूर्ण चेहरा झाकणारे आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट व हातमोजे यांत काटकसर करू नये. नव्या दणदणीत सायलेन्सरचे पैसे येथे खर्चावेत; गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने तशीही मनाई आहे.

कागदांपैकी एका गोष्टीकडे आम्ही पालकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. आपल्याकडे गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते व चालवितो मुलगा. विम्याच्या कागदात १५ लाखांचे जे 'मालक-चालक' संरक्षण असते ते नोंदलेल्या मालकासाठी असते. अशा मुलास त्याचा लाभ होत नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा उतरवावा. त्याचा हप्ता फार नसतो, आणि ज्या घराची चूल त्या एका मुलाच्या कमाईवर पेटते त्या घरास त्याचे मोल सांगावयास नको.

घरीही एक कागद राहू द्यावा. त्यावर मुक्कामांची गावे, गाडीचा क्रमांक, रक्तगट, सोबत्यांची नावे व त्यांच्या घरचे फोन लिहिलेले असावेत. लांबच्या टप्प्यांत फोन लागेलच असे नाही. एक दिवस निरोप आला नाही तर घाबरू नये, दुसरा दिवसही तसाच गेला तर कोणास विचारावे, हे आधीच ठरलेले असले म्हणजे आईच्या रात्री थोड्या तरी सुसह्य होतात.

घरची परीक्षा

हे सर्व झाल्यावर, निघण्यापूर्वी तीन आठवडे, सर्व सामानासह दोन दिवसांचा सरावाचा प्रवास करावा. बेळगावकडील तरुणांनी चोर्ला घाटाने गोव्यात उतरून आंबोलीच्या घाटाने वर यावे. इंदूरकडील मंडळींस विंध्याचे घाट जवळच आहेत. कोणता पट्टा सैल पडतो, कोठे पिशवी घासते, कोणता बोल्ट ढिला होतो, हे त्या दोन दिवसांत कळते व दुरुस्त करावयास वेळ उरतो. गाडी रेल्वेने पाठवावयाची असल्यास पेट्रोल पूर्ण काढावे लागते. उतरवून घेतल्यावर लिव्हर, आरसे व चाके पुन्हा तपासावीत.

शेवटची तयारी मात्र घरच्यांनी करावयाची आहे. दरड कोसळते, अवेळी बर्फ पडते, सोबत्यास ताप येतो. अशा वेळी गावातील लोक हसतील या धास्तीने तरुण पुढे रेटतात, आणि नेमके तेथेच संकट ओढवते. म्हणून निघतेवेळी वडिलांनी मुलास स्पष्ट शब्दांत सांगावे: "अर्ध्या वाटेवरून परतलास तरी तुझा प्रवास आम्ही पुरा झाला असेच समजू." सोबत परतीच्या खर्चाचे थोडे पैसे वेगळे बांधून द्यावेत आणि रजेत दोन दिवस जादा ठेवावयास लावावेत. एवढे हाती असलेला मुलगा खिंडीच्या पायथ्याशी ढग दाटलेले पाहून गाडी वळवावयास लाजणार नाही.